चाचणी हंगामातले खेळ

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगावच्या बाजारात पिवळ्या रंगाची एक जाडजूड कॅसेट मिळायची. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. तिच्यावर मारिओचं चित्र असायचं आणि ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, ‘९९९९९९९ इन १’. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढून तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची आणि टीव्हीचा चॅनेल जुळवायचा. मग पडद्यावर खेळांची यादी उघडायची. पानामागून पान उलटत जाणाऱ्या मुलाच्या थोड्याच वेळात लक्षात यायचं, की नावं फिरून फिरून तीच येत आहेत.

त्या लाखो आकड्यांमागे खरे खेळ बहुधा वीस-पंचवीसच असत. एकच खेळ पहिल्या स्टेजपासून, मग पाचव्या स्टेजपासून, मग जास्तीच्या लाइफ देऊन, दर वेळी वेगळ्या नावानं यादीत घातलेला असे. पण ते वीस-पंचवीस खेळ कोणते होते, हे पाहण्यासारखं आहे. डाँकी काँग, पॉपाय, गॅलॅक्सियन, एक्साइटबाइक, डक हंट, आइस क्लायंबर, रोड फायटर, रणगाड्यांचा बॅटल सिटी आणि सुपर मारिओ. हे सगळे खेळ घरच्या मशीनवर १९८३ ते १९८५ या तीन वर्षांत आलेले आहेत. आपल्या बाजारात समुराई, मीडिया, मिताशी अशा नावांनी जी मशिनं आली, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ निन्टेंडो कंपनीच्या एकाच जपानी मशीनमध्ये होतं. ते मूळ मशीन जपानमध्ये ज्या दिवशी विक्रीला आलं, त्या दिवशीचे आणि त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांतले खेळ दहा-पंधरा वर्षं उलटल्यावर मराठवाड्यातल्या मुलांच्या हातात पडले होते.

हे योगायोगानं घडलं नाही. त्यामागे एक तांत्रिक कारण आहे, आणि ते समजून घेतलं की या प्रकरणाच्या मुख्य प्रश्नाची दारं उघडतात. प्रश्न असा: खेळांचं नवं मशीन बाजारात येतं, तेव्हा त्याच्यासोबत पहिल्या दिवशी येणारे खेळ कसे असतात, आणि ते तसे का असतात?

१५ जुलै १९८३

या तारखेला जपानमध्ये निन्टेंडोचं ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजेच फॅमिकॉम, दुकानांत आलं. किंमत १४,८०० येन. पुढे हेच मशीन थोडं रूप बदलून अमेरिकेत एनईएस या नावानं गेलं. पहिल्या दिवशी त्याच्यासाठी तीनच खेळ होते: डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनिअर आणि पॉपाय. तिन्ही जुने. नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवर ते १९८१-८२ मध्येच गाजलेले होते आणि तिथून ते घरच्या मशीनसाठी उतरवले गेले.

उतरवताना काटछाट झाली. मूळ डाँकी काँगमध्ये चार वेगवेगळ्या स्टेज होत्या. घरच्या खेळात तीनच राहिल्या. या पूर्ण खेळाचा आकार २४ किलोबाइट आहे. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या शुभेच्छांचा एक फोटोही सहसा याहून मोठा असतो. मशीनही नवखंच होतं. पहिल्या काही महिन्यांतल्या मशिनांमध्ये सदोष चिपमुळे खेळ मध्येच अडकायचा. शेवटी कंपनीनं ती परत मागवली आणि आतलं सर्किट बदलून दिलं.

आता १३ सप्टेंबर १९८५ कडे या. त्या दिवशी त्याच मशीनवर सुपर मारिओ ब्रदर्स आला. त्याचा आकार ४० किलोबाइट, म्हणजे डाँकी काँगच्या दुपटीहूनही कमी. पण डाँकी काँगची प्रत्येक स्टेज एका पडद्यात मावत होती. मारिओचं जग उजवीकडे सरकत जात होतं, ३२ स्टेजपर्यंत. जमिनीखाली भुयारं होती, पाण्यात पोहणं होतं, ढगांवर चढणं होतं. एवढं सगळं ४० किलोबाइटमध्ये बसवायला करणाऱ्यांनी जागेची कमालीची काटकसर केली. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचं चित्र एकच आहे. ढगाला पांढरा रंग दिला, झुडपाला हिरवा. ही हुशारी पहिल्या दिवशी कुणाकडे नव्हती. दोन वर्षं त्या मशीनवर हात चालवल्यानंतर ती आली.

आता ते तांत्रिक कारण. फॅमिकॉमला कॅसेटमधलं एका वेळी सुमारे ४० किलोबाइट एवढंच थेट वाचता येत होतं. पुढे कॅसेटमध्येच एक जास्तीची चिप बसवायची युक्ती निघाली. मोठं पुस्तक हातात धरून हवं ते पान उलटून समोर धरावं, तसं ती चिप मोठ्या खेळाचा लागेल तो भाग मशीनसमोर आणून ठेवी. त्यामुळे १९८८ मधला काँट्रा सव्वाशे किलोबाइटच्या पुढे गेला, त्याच वर्षीचा सुपर मारिओ ब्रदर्स ३ हा ३८४ किलोबाइटचा झाला आणि १९९३ मधला किर्बीज अ‍ॅडव्हेंचर ७६८ किलोबाइटपर्यंत पोचला. पहिल्या दिवशीच्या डाँकी काँगच्या हा बत्तीस पट. मशीन मात्र तेच, तीच २ किलोबाइटची चालू स्मृती, तोच १.७९ मेगाहर्ट्झचा मेंदू.

नक्कल करून कॅसेट विकणाऱ्यांना अशी जास्तीची चिप महाग पडायची. सुरुवातीच्या काळातले, चिपशिवाय चालणारे बारके खेळ एका कॅसेटमध्ये डझनांनी कोंबता येत. म्हणून ‘९९९९९९९ इन १’ मध्ये १९८३-८५ चे खेळ भरले गेले आणि काँट्रासाठी बहुतेक वेळा वेगळी कॅसेट घ्यावी लागली. ज्यानं दोन्ही कॅसेट एकाच दुपारी खेळल्या, त्यानं एका मशीनची पाच वर्षांची वाढ एकाच बैठकीत पाहिली. डाँकी काँगमध्ये पिंपं चुकवत शिड्या चढायच्या. काँट्रामध्ये दोघांनी खांद्याला खांदा लावून जंगल, धबधबा, बर्फ पार करायचा. मुलांना तारखा ठाऊक नव्हत्या, पण फरक ठाऊक होता.

त्यातल्या त्यात एक गोष्ट त्या जुन्या खेळांच्या बाजूची होती. परळीत औष्णिक वीज केंद्र असूनही बीड जिल्ह्यातल्या गावांनी भारनियमनाचे लांबलचक तास काढले. लाइट गेली की खेळ पुन्हा पहिल्यापासून. पाच-दहा मिनिटांत रंगणारा बारका खेळ अशा घरात जास्त सोयीचा होता.

चाचणी गळीत हंगाम

पहिल्या दिवशीचे खेळ कच्चे का राहतात, हे समजून घ्यायला आपल्या जिल्ह्यात एक नेमका शब्द तयार आहे. नवा साखर कारखाना उभा राहिला की पहिल्या वर्षी तो ‘चाचणी गळीत हंगाम’ घेतो. बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते, पण कारखाना अजून सरावलेला नसतो. कुठे पट्टा अडकतो, कुठे रस गळतो, कामगारांच्या हातांना यंत्राची सवय नसते. ऊस तोच असतो, तरीही उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर, मनासारखा येत नाही. पहिल्या हंगामाच्या उताऱ्यावरून कुणी शहाणा माणूस कारखान्याची कायमची किंमत ठरवत नाही.

खेळांच्या मशीनचा पहिला दिवस म्हणजे असाच चाचणी हंगाम. त्याचा उतारा कमी येण्याची कारणं मोजून चार सांगता येतात.

पहिलं कारण, तारीख. मशीन कधी विकायचं हे खेळ करणारे ठरवत नाहीत. अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबर हा सणांच्या खरेदीचा काळ. म्हणून तिथल्या बाजारात एक्सबॉक्स आला १५ नोव्हेंबर २००१ ला, एक्सबॉक्स ३६० आला २२ नोव्हेंबर २००५ ला, प्लेस्टेशन ३ आणि वी हे दोन्ही २००६ च्या नोव्हेंबरात, वी यू १८ नोव्हेंबर २०१२ ला, प्लेस्टेशन ४ हा १५ नोव्हेंबर २०१३ ला. खेळ पिको न पिको, त्या तारखेला तो तोडावाच लागतो. सेगा कंपनीनं तर १९९५ मध्ये याहून वाईट केलं. सॅटर्न हे मशीन अमेरिकेत सप्टेंबरमध्ये येणार असं जाहीर झालेलं असताना ११ मे रोजी अचानक ‘आजपासून विक्री सुरू’ अशी घोषणा केली. बाहेरच्या कंपन्यांचे खेळ सप्टेंबरच्या हिशेबानं चालले होते. पहिल्या दिवशी दुकानात सहाच खेळ होते, सगळे सेगानंच प्रकाशित केलेले.

दुसरं कारण, खेळ करणाऱ्यांच्या टेबलावर मशीनच पूर्ण नसतं. मशीन तयार होत असतानाच खेळही तयार होत असतो. आज एक चिप ठरते, सहा महिन्यांनी तिचा वेग बदलतो. उभ्या राहत असलेल्या घराच्या भिंती हलत असताना आत फर्निचर करण्यासारखं हे काम आहे.

तिसरं कारण, मशीनचा स्वभाव कळायला वर्षं लागतात. प्लेस्टेशन ३ चा ‘सेल’ नावाचा मेंदू त्या काळच्या मानानं फार ताकदवान होता, पण त्यातलं काम अनेक लहान गाभ्यांमध्ये नीट वाटून द्यावं लागे. ती वाटणी सुरुवातीला फार थोड्यांना जमली. २००६ मध्ये या मशीनसोबत गेंजी नावाचा तलवारबाजीचा खेळ आला आणि समीक्षकांनी त्याला फारसं उभं केलं नाही. त्याच मशीनवर २०१३ च्या जूनमध्ये द लास्ट ऑफ अस आला. आजही कथा सांगणाऱ्या उत्तम खेळांत त्याचं नाव घेतलं जातं. दोन्हींच्या मध्ये जवळपास सात वर्षं आहेत आणि एकही नवी चिप नाही.

चौथं कारण, गिऱ्हाईक. पहिल्या दिवशी मशीन कुणाच्याच घरी नसतं. लाखो लोकांकडे मशीन पोचल्यावर खेळावर मोठा पैसा लावायला कंपनी धजते. त्याआधी ती जुना खेळ थोडा चकचकीत करून पाठवते. फॅमिकॉमवरही पहिलं वर्षभर निन्टेंडोचेच खेळ होते. हडसन सॉफ्ट आणि नामको या बाहेरच्या कंपन्या १९८४ मध्ये आल्या.

या चारही कारणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: वेळ. पैसा ओतून चिप लवकर करता येते. हाताची सवय तशी करता येत नाही.

मग काही खेळ पहिल्याच दिवशी उत्तम कसे?

वरचं सगळं खरं असलं, तरी त्याला पुरून उरणारी उदाहरणं आहेत आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. २३ जून १९९६ ला निन्टेंडो ६४ जपानमध्ये तीनच खेळ घेऊन आलं. त्यातला एक सुपर मारिओ ६४. तीन मितींच्या जगात माणूस कसा चालवायचा, कॅमेरा त्याच्यामागे कसा फिरवायचा, हे पुढच्या कित्येक खेळांनी त्याच्याकडून घेतलं. वी या मशीनसोबत अनेक देशांत पेटीतच मिळालेला वी स्पोर्ट्स आजीपासून नातवापर्यंत सगळे खेळले. त्याच्या आठ कोटींहून अधिक प्रती पोचल्या. एक्सबॉक्ससोबतचा हेलो आणि ३ मार्च २०१७ ला स्विच या मशीनसोबत आलेला झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड हे तर त्यांच्या मशिनांची ओळख झाले.

या खेळांचा पूर्वेतिहास काढला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. पहिल्या दिवशी उत्तम ठरलेला खेळ सहसा त्या मशीनसाठी नव्यानं सुरू केलेला नसतो. त्याच्यामागे कुठेतरी जुनी वर्षं असतात.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड मुळात आधीच्या वी यू या मशीनसाठी चालू केलेला होता. तो लांबत गेला, आणि शेवटी दोन्ही मशिनांवर एकाच दिवशी आला. हेलो करणाऱ्या बंजी कंपनीनं तो १९९९ मध्ये मॅक संगणकासाठी म्हणून जाहीर केला होता; एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनं २००० मध्ये ती कंपनीच विकत घेतली. अमेरिकेत १९८९ मध्ये निन्टेंडोच्या हातात धरायच्या गेम बॉयसोबत मिळालेला टेट्रिस १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी रचला होता. त्याच्या पाठीशी पाच वर्षं आणि कित्येक संगणक होते. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ सोबत आलेला डेमन्स सोल्स हा २००९ च्या खेळाची नवी, देखणी आवृत्ती होती. ५ जून २०२५ ला स्विच २ सोबत आलेल्या मारिओ कार्ट वर्ल्डचं काम २०१७ मध्ये सुरू झालं होतं, तेही आधीच्या मशीनसाठी.

मारिओ ६४ ची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे मशीन करणारे आणि खेळ करणारे एकाच छताखाली होते. खेळासाठी हवी तशी काडी हातातल्या कंट्रोलरवर बसली आणि काडी जशी वळते तसा मारिओ चालायला शिकला. शिवाय निन्टेंडोनं मशीनची तारीख पुढे ढकलली. १९९५ मध्ये येणारं मशीन १९९६ मध्ये आलं. तारखेनं खेळाला ओढण्याऐवजी इथे तारखेनं खेळाची वाट पाहिली.

असा धीर अलीकडेही एकदा दिसला. जुलै २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं नव्या एक्सबॉक्ससाठीचा हेलो इन्फिनिट दाखवला आणि चित्रं जुनाट वाटतात अशी ओरड झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीनं खेळ पुढे ढकलला. १० नोव्हेंबर २०२० ला मशीन आपल्या सर्वांत मोठ्या खेळाशिवाय बाजारात आलं. खेळ ८ डिसेंबर २०२१ ला आला. कच्चा माल गिऱ्हाइकाच्या माथी मारण्यापेक्षा रिकाम्या हातानं येणं परवडलं, असा हा निर्णय होता आणि तो योग्य होता.

पहिला दिवस आणि पूर्ण आयुष्य

पहिल्या दिवशीच्या खेळांवरून मशीनचं भवितव्य सांगता येतं का? याचं सर्वांत स्पष्ट उत्तर दोन मशिनांच्या गोष्टीत आहे.

९ सप्टेंबर १९९९ ला सेगाचं ड्रीमकास्ट अमेरिकेत आलं. सोबत दीड डझन खेळ होते. त्यात सोलकॅलिबर होता, जो नाण्याच्या मोठ्या मशीनपेक्षा घरच्या मशीनवर जास्त सुंदर दिसत होता. सॉनिक होता, अमेरिकन फुटबॉल होता. इतकी भरलेली शिदोरी फार थोड्या मशिनांना पहिल्या दिवशी मिळाली आहे. तरीही मार्च २००१ मध्ये सेगानं ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवलं आणि घरची मशिनं बनवणं कायमचं सोडलं. आधीच्या मशिनांनी गमावलेला विश्वास आणि कंपनीचा तोटा एका चांगल्या दिवसानं भरून आला नाही.

दुसरीकडे ४ मार्च २००० ला जपानमध्ये प्लेस्टेशन २ आलं. त्याच्या पहिल्या खेळांनी फारसं कुणाला भारावून टाकलं नाही. अनेकांनी ते मशीन डीव्हीडी बघायला घेतलं. पण पुढच्या वर्षी ग्रँड थेफ्ट ऑटो ३ आणि फायनल फँटसी १० आले. २००५ मध्ये गॉड ऑफ वॉर आणि शॅडो ऑफ द कोलोसस आले. या मशीनची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. त्याआधी किंवा त्यानंतरही कित्येक वर्षं घरच्या कुठल्याही खेळाच्या मशीनला हा आकडा गाठता आला नाही.

म्हणजे पहिल्या दिवशीचे खेळ त्या दिवसाबद्दल खरं सांगतात. आयुष्याबद्दल सांगत नाहीत. कारखान्याची पत चौथ्या-पाचव्या हंगामात कळते, तशीच मशीनचीही.

हंगाम कुणाचा?

इथवरचा हिशेब असा होता: मशीन जुनं होत गेलं की खेळ चांगले होत जातात. भारतातल्या एका अनुभवानं या हिशेबात महत्त्वाची दुरुस्ती केली.

२००९ मध्ये हनुमान: बॉय वॉरिअर हा खेळ प्लेस्टेशन २ साठी आला. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं तो केला आणि प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनं प्रकाशित केला. पूर्णपणे भारतात तयार झालेला या मशीनवरचा हा पहिला खेळ मानला जातो. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्रनं केलेला देसी अड्डा आला. त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, गोट्या होत्या, पतंग होते. आपल्या गल्लीतले खेळ पहिल्यांदा अशा मशीनवर उतरले, ही मोठी गोष्ट होती.

त्या वेळी प्लेस्टेशन २ नऊ वर्षांचं झालं होतं. त्याचा स्वभाव जगाला पाठ होता. वरच्या हिशेबानं हे खेळ पिकलेले असायला हवे होते. पण समीक्षकांना हनुमानच्या हालचाली जड वाटल्या, रचना अपुरी वाटली. याचं कारण त्या तरुणांची बुद्धी किंवा मेहनत कमी होती, असं नाही. मशीनचे नऊ हंगाम झाले होते, पण या हातांचा तो पहिलाच हंगाम होता. जपानमधल्या आणि अमेरिकेतल्या चमूंनी त्याच मशीनवर चार-चार खेळ करून जे शिकून घेतलं होतं, ते पुस्तकात वाचून मिळणारं नव्हतं.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. चाचणी हंगाम यंत्राचा असतो तसा माणसांचाही असतो, आणि माणसांचा अधिक काळ चालतो. यंत्र कितीही जुनं आणि सरावाचं असो, त्यावर पहिल्यांदा बसणाऱ्या हाताला पहिल्या हंगामातून जावंच लागतं.

अकरा वर्षांनी पुण्यातून आलेल्या एका खेळानं ही बाजू पूर्ण केली. नॉडिंग हेड्स गेम्स हा २०१७ मध्ये पुण्यात सुरू झालेला छोटा स्टुडिओ. त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम चालू राहिलं आणि १८ ऑगस्ट २०२० ला राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक हा खेळ आधी निन्टेंडो स्विचवर आला, मग ऑक्टोबरमध्ये इतर मशिनांवर. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानच्या वास्तूंची आठवण करून देणारे महाल, पहाडी चित्रशैलीचे रंग. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या स्वतंत्र खेळांच्या विभागात त्याला नामांकन मिळालं.

स्विच तेव्हा साडेतीन वर्षांचं होतं. पण त्याहून मोठा फरक साधनांत होता. राजी अनरिअल इंजिनवर उभा आहे. इंजिन म्हणजे खेळ बांधण्याची तयार चौकट. अनरिअलची पहिली आवृत्ती १९९८ ची. हजारो लोकांनी वीस वर्षांत जे शिकून घेतलं, ते त्या चौकटीत साठवलेलं असतं. दुसऱ्यांचे हंगाम उसने घेता येतात, ते अशा साधनांमधून. आज बीडमधल्या एखाद्या मुलीकडे बऱ्यापैकी संगणक असेल, तर हीच चौकट तिला घरबसल्या उतरवून घेता येते, आणि शिकण्यासाठी पैसे पडत नाहीत.

घरचा हिशेब

आता वाचकाच्या खिशाकडे वळू. प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. डिस्कवालं मशीन ४९,९९० रुपयांना, बिनडिस्कचं ३९,९९० ला. त्याच्या नव्या मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपये होती.

हा आकडा आपल्या जिल्ह्याच्या मापानं मोजून पाहा. दर दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेल्या दरानं एका टनाच्या तोडणीला सुमारे ३६६ रुपये पडतात. म्हणजे पहिल्या दिवशीचा एक खेळ घ्यायला साडेतेरा टनांहून अधिक ऊस तोडावा लागेल. नवरा-बायकोच्या एका कोयत्यानं दिवसाला दोन टन धरले, तरी तो जवळपास आठवड्याचा घाम आहे. मुलांनी खेळू नये, असं मी इथे म्हणत नाही. खेळ ही माणसाची गरज आहे आणि चांगला व्हिडिओ गेम ही चांगल्या पुस्तकासारखीच मोलाची गोष्ट आहे. पण एवढ्या किमतीची वस्तू चाचणी हंगामातली असू नये.

म्हणून काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नवं मशीन आलं की निदान वर्षभर थांबावं. तोवर खेळांची किंमत खाली येण्याची शक्यता असते, सदोष मशिनांची बातमी फुटते, आणि तेच खेळ अपडेट होऊन दुरुस्त होतात. पहिल्या दिवशीचा खेळ घ्यायचाच असेल, तर तो कुणी केला आणि त्यावर किती वर्षं काम चाललं होतं, हे आधी शोधावं. मशीन करणाऱ्या कंपनीनं स्वतः केलेले आणि बरीच वर्षं रखडून आलेले खेळ पहिल्या दिवशीही पदरात पडायला चांगले असतात. आणि आधीच्या पिढीच्या मशीनला कमी समजू नये. नवं मशीन येतं तेव्हा जुनं मशीन आपल्या सर्वांत चांगल्या हंगामात असतं, तेही कमी पैशांत.

आपल्या भागात यंत्रं उशिरा पोचतात, याची खंत सगळ्यांना असते आणि ती रास्त आहे. पण खेळांच्या बाबतीत उशिरा पोचणाऱ्याला एक फायदा मिळतो: दुसऱ्यांनी चाखून वेगळं काढलेलं तो घेऊ शकतो. हा फायदा आपण डोळसपणे घ्यावा.

आणि जी मुलं खेळ खेळण्यापेक्षा खेळ करण्याची स्वप्नं बघत आहेत, त्यांना एवढंच सांगायचं आहे. तुमचा पहिला खेळ कच्चा निघेल. त्यानं खचून दुकान बंद करू नका. डाँकी काँग आणि सुपर मारिओ ब्रदर्स या दोन्ही खेळांचा रचनाकार एकच आहे, शिगेरू मियामोतो. घरातलं मशीनही तेच होतं. एका पडद्यावरच्या शिड्यांपासून ३२ स्टेजच्या जगापर्यंत त्या मशीनला न्यायला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत तिथली माणसं रोज कामावर येत होती.